पांढरे राहिलेले एकशे बेचाळीस

सोमवारी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी ताईंनी त्या नमुन्यात पहिल्यांदा डोकावून पाहिलं आणि लगेच सूक्ष्मदर्शकाच्या पाटावर हात ठेवला. पाट गरम होता. काटा सदतीस अंशांवर होता. त्यांनी काच काढली, शेजारच्या माणसाच्या नमुन्याची लावली. तिथे नेहमीची पळापळ होती. पुन्हा पहिली काच लावली. शुक्राणू भरपूर होते, डोकी अंडाकृती, शेपट्या लांब, पाहायला नीटनेटके. फक्त एकही हलत नव्हता.

ताई या केंद्राच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काम करत होत्या. आळशी शुक्राणू त्यांनी पाहिले होते, जागच्या जागी थरथरणारे पाहिले होते, आणि घाण्याच्या बैलासारखे गोल फिरणारेही पाहिले होते. दोनशे मोजावेत आणि दोनशेच्या दोनशे स्तब्ध असावेत, असं झालं नव्हतं. त्यांनी अहवालावर लिहिलं : नमुना घरून आणताना थंड झाला असावा, पुन्हा द्यावा. ‘असावा’ हा शब्द त्यांच्या अहवालांत सहसा येत नसे. हाताखालच्यांनी वापरला तर त्या खोडून टाकत.

नमुना ज्याचा होता तो मोटारी भरून द्यायचं काम करी. पंख्याच्या, पंपाच्या, पिठाच्या गिरणीच्या मोटारी जळल्या की त्यांच्यातली काळी पडलेली तार काढून नवी तांब्याची तार वेढे मोजून बसवायची, हा त्याचा धंदा. वय चौतीस. बायको बस डेपोत माइकवरून गाड्या सांगायची. लग्नाला सात वर्षं झाली होती, मूल नव्हतं. आधीच्या प्रयोगशाळेने एका ओळीत निकाल दिला होता : सर्व शुक्राणू मृत. त्यामुळे या केंद्रात ते दात्याच्या बीजासाठी आले होते. शुक्रवारी अकरा वाजता दोघांनी संमतीपत्रावर सही करायची होती. केंद्राचा नियम असा की आपल्या प्रयोगशाळेने पाहिल्याशिवाय कोणाचीही सही घ्यायची नाही. तेवढ्यापुरतीच ही तपासणी होती.

बुधवारी नमुना केंद्रातच दिला गेला. प्रयोगशाळेपासून एक भिंत सोडून. थंड व्हायला वाव नव्हता. ताईंनी तो उबेच्या पेटीत पंचवीस मिनिटं ठेवला, पातळ झाल्यावर काचेवर घेतला आणि भिंगाला डोळा लावला.

दोनशेपैकी शून्य.

आता त्यांनी रंगाची बाटली काढली. हा रंग मेलेल्यांच्याच घरात शिरतो. जिवंत पेशीचं आवरण त्याला दारातच अडवतं. म्हणून मेलेली डोकी गुलाबी होतात आणि जिवंत पांढरी राहतात. तपासणी दहा मिनिटांची आहे, आणि सगळे निश्चल दिसले की ती करायलाच हवी. आधीच्या प्रयोगशाळेने केली नव्हती. हलत नाही म्हणजे मेला, असं धरून चालले होते.

ताईंनी मोजणीयंत्राच्या दोन कळांवर दोन बोटं ठेवली. डावी कळ गुलाबीची, उजवी पांढऱ्याची. उजवं बोट थांबेचना. काळसर पार्श्वभूमीवर पांढरी डोकी एकामागून एक येत राहिली, जणू कोणी पाटीवर खडूने ठिपके देत चाललं होतं. दोनशे झाले तेव्हा गुलाबी अठ्ठावन्न होते आणि पांढरे एकशे बेचाळीस. त्यांनी दुसरी काच केली. पांढरे एकशे एकोणचाळीस.

त्या खुर्चीत मागे टेकल्या. समोर एकशे बेचाळीस जिवंत पेशी होत्या, आणि त्यांतली एकही हलत नव्हती.

बाहेरच्या बाकावर कोणीतरी खोकलं. ओला, खोल, माणसाच्या अंगवळणी पडलेला खोकला होता. सोमवारीही तो ऐकल्याचं ताईंना आठवलं. त्या दार उघडून बाहेर आल्या.

“तुम्हाला खोकला कधीपासून आहे?”

मोटारवाला उभा राहिला. उत्तर बायकोने दिलं. “ताई, हे जन्मालाच शिंकत आले. घरात सगळे शिंकोबा म्हणतात. आमच्या लग्नाच्या फोटोंत यांच्या हातात रुमाल नाही असा एकही फोटो नाही.”

“एक आहे,” तो म्हणाला. “त्यात माझा रुमाल तुझ्या हातात आहे.”

“कान?” ताईंनी विचारलं.

“लहानपणी वाहायचे. पण ताई, मी तर...” त्याने आवाज खाली आणला. “माझं दुखणं वेगळंय ना. कानाचं काय?”

“चला,” ताई म्हणाल्या. “डॉक्टरांकडे.”

डॉक्टर ताईंपेक्षा वीस वर्षांनी लहान होते आणि अहवाल घेऊन ताई स्वतः आत आल्या की खुर्चीतून अर्धे उठत. ताईंनी आकडा सांगितला, सर्दी आणि कान सांगितले. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप कानाला लावला आणि मोटारवाल्याच्या छातीवर डावीकडे ठेवला. थोडा वर नेला. थोडा खाली.

“ठोके तिकडे नाही सापडायचे,” बायको म्हणाली. “उजवीकडे बघा.”

“तुम्हाला कसं ठाऊक?”

“सात वर्षं छातीवर डोकं ठेवून झोपते, डॉक्टर. पहिल्या आठवड्यातच कळलं. मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय. दिवसभर माइकवर मी तेच सांगते, डावीकडचा फलाट, उजवीकडचा फलाट. पण नवऱ्याचं हृदय कुठल्या फलाटावर लागतं हे कोणाला विचारणार?”

“मी विचारलं होतं एकदा,” मोटारवाला म्हणाला. “कंपाउंडर हसला. म्हणाला, फोटोत डावीकडेच आहे, मग तुमच्यात कसं हलेल?”

फोटो त्याच्याजवळ होते. तो कुठलाही कागद टाकणारा नव्हता. पिशवीतून त्याने दोन जुने एक्स-रे काढले, एक नवव्या वर्षीचा, एक एकोणिसाव्या वर्षीचा. दोन्ही वेळा खोकला हटेना म्हणून काढलेले. डॉक्टरांनी पहिला दिव्यासमोर धरला. हृदयाची सावली डावीकडे झुकलेली होती, जिथे असायला हवी तिथे. ताई पुढे झाल्या. एक्स-रे काढताना उजव्या बाजूला शिशाचं एक छोटं अक्षर ठेवतात, म्हणजे फिल्म उलटी धरली तरी कळावं. या फिल्मवर ते अक्षर टाचणीने खरवडून काढलं होतं आणि समोरच्या कडेला कागदाचा तुकडा चिकटवून त्यावर शाईने ‘उजवी’ असं लिहिलं होतं. खाली बारीक अक्षरात : बाजू दुरुस्त केली.

दुसऱ्या फिल्मवरही दुरुस्ती होती. सही वेगळी, अक्षर वेगळं, चूक तीच. दहा वर्षांच्या अंतराने दोन माणसांनी एकाच छातीत उजवीकडे हृदय पाहिलं होतं आणि दोघांनीही स्वतःचाच हात चुकला असं समजून फिल्म सुधारली होती.

ताईंना सोमवारचा आपला ‘असावा’ आठवला. तो कागद अजून फायलीत होता.

खालच्या मजल्यावर नवा एक्स-रे काढला. फिल्म घेऊन आलेला माणूस दारातूनच म्हणाला, “डॉक्टर, दोन मिनिटं. माझं अक्षर उलट्या बाजूला लागलं बहुतेक, पुन्हा काढतो.”

“अजिबात हात लावू नका,” डॉक्टर आणि ताई एकदमच म्हणाले.

शुक्रवारी अकरा वाजता दोघं आले. बायकोने डेपोतून रजा घेतली होती, पेन स्वतःचं आणलं होतं. संमतीपत्र टेबलावर होतं. डॉक्टरांनी ते उचलून फायलीच्या तळाशी ठेवलं.

“याची गरज पडणारच नाही असं मी म्हणत नाही,” ते म्हणाले. “पण त्याआधी एक प्रयत्न करता येईल. तुमचे शुक्राणू जिवंत आहेत. ते अंड्यापर्यंत चालत जाऊ शकत नाहीत, तर आपण त्यातला एक सुईने उचलून अंड्यात ठेवायचा. मूल तुमचं असू शकेल. असेलच असं नाही. अडचण अशी की आपण नेहमी हलणारा निवडतो. कारण हलतो म्हणजे जिवंत आहे एवढं नक्की. तुमच्यातले अठ्ठावन्न मेलेले आणि एकशे बेचाळीस जिवंत एकसारखेच दिसतात.”

“रंग लावा,” मोटारवाला म्हणाला.

“रंग लावलेला अंड्यात ठेवता येत नाही. तो रंग विष आहे.”

“मग ओळखायचा कसा?”

“ते ताईंचं काम.”

बायकोने पेन पर्समध्ये ठेवलं, पुन्हा काढलं, पुन्हा ठेवलं. नवऱ्याने खोकल्यासाठी रुमाल शोधला. तो तिच्याच हातात होता.

एका शुक्राणूची शेपटी कापून हजारो पटींनी मोठं करणाऱ्या यंत्राखाली पाहायला पाठवली होती. त्याचं चित्र यायला तीन आठवडे लागले. आलं तेव्हा ताईंनी मोटारवाल्याला कामावरून बोलावून घेतलं. त्याच्या नखांत वार्निश होतं. ताईंनी टेबलावर दोन चित्रं शेजारी शेजारी ठेवली. एक पुस्तकातलं, एक त्याचं.

“ही शेपटी. आडवी कापलेली, दोरी कापल्यावर तोंड दिसतं तशी.”

तो वाकला. चित्रात एक वर्तुळ होतं. वर्तुळाच्या कडेने नळ्यांच्या जोड्या होत्या, मधोमध दोन सुट्या नळ्या. त्याने बोट न टेकवता मोजल्या.

“नऊ जोड्या. मध्ये दोन.”

“सगळ्यांच्या तेवढ्याच. माणसाच्या, घोड्याच्या, समुद्रातल्या काट्याळ प्राण्याच्या. तळ्यातल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांच्याही.”

“कोणी ठरवलं नऊ?”

“माहीत नाही.”

त्याने कडेच्या जोड्या पुन्हा मोजल्या. मग म्हणाला, “ताई, मोटारीचा स्टेटर, म्हणजे तार बसते तो गोल भाग, कापला तर असंच दिसतं. किती मोठं आहे हे?”

“अख्खा शुक्राणू तुमच्या डोक्याच्या केसावर आडवा झोपला तर केसाच्या जाडीत मावेल. ही त्याची शेपटी. आणि ही त्या शेपटीच्या आतली दोरी.”

मोटारवाल्याने आपल्या बोटांकडे पाहिलं. सगळ्यात बारीक तार तो भिंगाशिवाय भरायचा आणि त्याचा त्याला थोडा अभिमान होता. तो हात त्याने मांडीवर ठेवला.

“आता पुस्तकातलं बघा. प्रत्येक जोडीला शेजारणीच्या दिशेने दोन छोटे आकडे निघालेत. ते हात आहेत. एका जोडीचे हात शेजारच्या जोडीला धरतात, खेचतात, सोडतात, पुन्हा धरतात. शेपटीच्या एका अंगाचे हात खेचतात तेव्हा ती इकडे वाकते, मग दुसऱ्या अंगाचे, की तिकडे. सेकंदाला दहा-पंधरा वेळा.”

“इतक्या हातांना पाळी कोण सांगतं?”

“कोणी नाही. शेपटी वाकते, त्या वाकण्यातूनच त्यांना कळत असावं.” ताई थांबल्या. “‘असावं’ म्हणते, कारण हे अजून पुरतं कोणालाच उलगडलेलं नाही.”

त्याने दुसरं चित्र ओढलं. नऊ जोड्या होत्या. मध्ये दोन होत्या. आकडे नव्हते. वर्तुळ स्वच्छ, गुळगुळीत, जणू कोणीतरी कानस मारून ठेवलं होतं.

“हात नाहीत,” तो म्हणाला.

“हात नाहीत.”

“आणि पॉवर?”

ताईंनी तिसरं चित्र काढलं. त्यात मानेच्या खालचा भाग उभा कापलेला होता. शेपटीच्या मुळाभोवती ऊर्जा देणारे कण एकाला एक लागून गुंडाळत गेले होते, वेढ्यावर वेढा. मोटारवाला चित्र बघून हसला, पहिल्यांदाच.

“अहो, ही तर कॉइल आहे! हिला भरली कोणी?”

“तुमच्या अंगानेच. रोज काही कोटी भरतं.”

“रोज? मी दिवसाला चार भरतो, तर शेठ म्हणतो हात चालव.” त्याने वेढे मोजायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिली. “म्हणजे वाइंडिंग ठीक आहे. करंट येतोय. मोटर जळलेली नाही.”

“जळली असती तर गुलाबी झाली असती.”

“आणि माझी सर्दी?”

“नाकात, छातीत, कानात असेच बारीक केस असतात. आत तीच नऊ आणि दोनची दोरी. ते हलून कफ बाहेर लोटतात. तुमचे हलत नाहीत. आणि हृदयाचं सांगू? आईच्या पोटात बाळ तिळाएवढं असतं तेव्हा त्याला डावं-उजवं काहीच नसतं. मग मधल्या एका खड्ड्यात असेच थोडे केस गरगर फिरायला लागतात. त्यांच्या फिरण्याने पाणी डावीकडे वाहतं, आणि त्या वाहण्यावरून अंगाला कळतं की हृदय कुठे न्यायचं. तुमचे फिरले नाहीत. पाणी उभं राहिलं. मग डावीकडे की उजवीकडे, दोन्ही सारखंच. अशा माणसांत अर्ध्यांचं डावीकडे जातं, अर्ध्यांचं उजवीकडे.”

“नाणं उडवल्यासारखं.”

“हो, अगदी तसंच.”

“एका पार्टमुळे,” तो हळू म्हणाला. “शिंका, कान, छाती, हे. चौतीस वर्षं मी चार दुखणी वेगवेगळ्या पिशव्यांत घालून फिरतोय.” त्याने दोन्ही चित्रं एकावर एक ठेवून उजेडाकडे धरली. वर्तुळावर वर्तुळ बसलं. पुस्तकातले आकडे तेवढे जास्तीचे दिसत राहिले.

“पोराला हेच मिळणार?” त्याने न वळता विचारलं.

“हे हात बनवायची कृती प्रत्येकाला दोन प्रतींत मिळते, एक आईकडून, एक बापाकडून. तुमच्याकडची बिघडलेली एक प्रत मिळेल. दोन्हीकडून बिघडलेली मिळाली तरच हा आजार होतो. तुमच्या बायकोचं रक्त तपासलं, तिच्यात तो बिघाड सापडला नाही.”

रंगाशिवाय जिवंत शुक्राणू ओळखायचा कसा, याचं उत्तर ताईंकडे होतं. ते जुनं होतं आणि साधं होतं. पण ज्याचे आहेत त्याने एकदा पाहावं असं त्यांना वाटलं. डॉक्टरांना विचारून त्यांनी त्याला प्रयोगशाळेत घेतलं, पायांत कापडी मोजे घालून, तोंडाला फडकं बांधून. पडद्यावर त्याचा ताजा नमुना होता. तरंगणारी डोकी आणि सरळ ताणलेल्या शेपट्या. सगळं एखाद्या छापील चित्रासारखं थांबलेलं.

“हे माझे?”

“तुमचेच. आता मी यांच्यात पातळ पाणी सोडणार. क्षार कमी असलेलं. जो मेलाय त्याचं आवरण फुटकं आहे, त्याला काही फरक पडणार नाही. जो जिवंत आहे त्याचं आवरण शाबूत आहे, पाणी आत शिरलं की ते ताणलं जाईल. शेपटीकडे बघा.”

नळीच्या टोकातून थेंब सुटला. पडद्यावर काही झालं नाही. मोटारवाल्याने श्वास धरला. खोकला येईल म्हणून धरला असावा. मग डाव्या कोपऱ्यातल्या एका शेपटीचं टोक वळलं. सावकाश, झोपेतून उठलेल्या माणसाने पाय आखडावा तसं. मग त्याच्या खालची. मग मधल्या तीन. काही आकड्यासारख्या वळल्या, काहींची गाठ झाली, एकीने स्वतःभोवती पूर्ण वेढा घेतला. त्यांच्यामध्ये काही शेपट्या होत्या तशाच सरळ राहिल्या. पण वळणाऱ्या जास्त होत्या. मिनिटभरात पडदाभर त्या वळत राहिल्या.

“हे... हे चालणं नव्हे ना?” तो म्हणाला.

“नाही. यात हातांचं काही काम नाही. पाण्याने फुगून वळतात. एवढंच कळतं की आत कोणी आहे.”

तो खुर्ची असूनही बसला नाही. फडक्याआडून शिंक आली ती त्याने दाबली. डोळ्यांत पाणी आलं, ते शिंकेचं की कशाचं हे ताईंनी पाहिलं नाही. त्या मोजत होत्या.

अंडी काढली तो मंगळवार होता. बारा निघाली, त्यांतली नऊ पक्व होती. सकाळी साडेदहाला डॉक्टर सुईच्या यंत्राशी बसले आणि ताई त्यांच्या शेजारी. ताईंनी पातळ पाण्यात एकेक शुक्राणू सोडला, शेपटीचं टोक वळलेलं दिसलं की लगेच उचलून साध्या द्रवात धुतला, आणि डॉक्टरांच्या समोर ठेवला. नऊ वेळा. वळला की नाही असा प्रश्न ज्याच्याबद्दल पडला, तो त्यांनी बाजूला टाकला. असे चौदा टाकले. एक वाजला तेव्हा त्यांची मान अवघडली होती.

बुधवारी सकाळी आठला त्यांनी उबेची पेटी उघडली. अंडं फळलं असेल तर त्याच्या पोटात दोन गोल चकत्या दिसतात. एक आईची, एक बापाची. त्या काही तासच दिसतात, म्हणून वेळ चुकवून चालत नाही. पहिल्या अंड्यात काही नव्हतं. दुसऱ्यातही नव्हतं. तिसऱ्यात दोन चकत्या होत्या, अगदी जवळ, एकमेकींना टेकलेल्या. ताईंनी डोळा काढला, काच पुसली, पुन्हा पाहिलं. मग पुढची सहा पाहिली. मग फोन उचलला.

मोटारवाल्याच्या दुकानात पाच मोटारी चाचणीला लावलेल्या होत्या. “कोण? मोठ्याने बोला! थांबा...” फोनमध्ये एकेक मोटर बंद होत गेल्याचं ताईंना ऐकू आलं. शेवटची घरघरत थांबली.

“नऊपैकी पाच फळली,” ताई म्हणाल्या.

त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला. मग, “म्हणजे माझे चालले?”

“चालले नाहीत. आम्ही नेऊन पोचवले. पोचल्यावरचं काम त्यांनी स्वतः केलं.”

“ताई, एक विचारू? त्यांनी आत जाऊन केलं काय? शेपटीचं तर काही उपयोगाचं नव्हतं.”

“शेपटीच्या मुळाशी, मानेत, एक ठिपका असतो. शेपटीची दोरी त्या ठिपक्यापासूनच उगवते. शेपटी आत विरघळून जाते, पण ठिपका राहतो. माणसाच्या अंड्याकडे तसा ठिपका नसतो, तो बापाकडूनच येतो. आता तो नव्या दोऱ्या विणेल. त्या दोऱ्या दोन्हीकडून आलेला वारसा मधोमध ओढून समान वाटतील, आणि एकाच्या दोन पेशी होतील. उद्या सकाळी बघायला मिळेल.”

“माझा ठिपका चांगला आहे?”

“उद्या सांगते.” ‘असावा’ हा शब्द त्यांच्या जिभेवर आला होता. त्यांनी तो परत नेला.

गुरुवारी सकाळी मोटारवाला आणि त्याची बायको प्रयोगशाळेच्या बाहेरच्या बाकावर येऊन बसले होते. कोणी बोलावलं नव्हतं. ती डेपोच्या गणवेशात होती, पहिल्या पाळीला उशीर करून आलेली. ताई बाहेर आल्या आणि दाराजवळची पडद्याची कळ दाबली. भिंतीवरच्या पडद्यावर एक स्वच्छ गोल उजळला. त्यात कालच्या दोन चकत्या नव्हत्या. त्यात चार पेशी होत्या, साबणाच्या फुग्यांसारख्या एकमेकींना चिकटलेल्या, जवळजवळ सारख्या आकाराच्या.

“पाचपैकी चार अशी आहेत,” ताई म्हणाल्या. “एक मागे आहे. यापुढचं मी सांगू शकत नाही. उद्या यातलं एक पोटात ठेवायचं. टिकेल की नाही ते दोन आठवड्यांनी.”

दोघं पडद्याकडे बघत राहिली. बायकोने नकळत डोकं नवऱ्याच्या उजव्या खांद्याला टेकवलं आणि तो तिच्या बाजूला किंचित झुकला.

“काल एक होतं,” तो म्हणाला. “आज चार. म्हणजे मधे त्या दोऱ्यांनी खेचलं. दोनदा.”

“दोनदा.”

“ठिपका माझा.”

“तुमचा.”

त्याने पडद्यावरून नजर न काढता मान हलवली. “म्हणजे शेवटी काहीतरी हललं,” तो म्हणाला.

ताई आत गेल्या. फायलीतून सोमवारचा तो पहिला कागद काढून त्यांनी ‘थंड झाला असावा’ यावर एक सरळ रेघ मारली, शेजारी तारीख घातली आणि सही केली. कागद फाडला नाही. तो दोन जुन्या एक्स-रेंच्या बरोबर परत फायलीत ठेवला.